चौदा नंबरचं रोप

ता. १४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शाळा सुटल्यावर आपण फाटकाशेजारच्या कठड्यावर बाबांच्या सायकलची वाट बघत बसायचो, ते तुला आठवतं का? एकदा त्यांना फार उशीर झाला होता आणि मी रडकुंडीला आले होते, म्हणून तू मला समोरच्या भिंतीतल्या विटा मोजायला लावल्यास. मी बोट लावून एकेक वीट मोजत सुटले. तू एक आडवी ओळ मोजलीस, एक उभी मोजलीस, गुणाकार केलास आणि डब्यातला उरलेला पाव खात निवांत बसलीस. माझी मोजणी संपली तेव्हा बाबा पोचले होते. दोघींच्या उत्तरांत नऊचा फरक. मला वाटलं, मीच चुकले, आणि पुन्हा रडायला लागले. बाबांनी सायकल स्टँडला लावली, भिंत नीट पाहिली आणि म्हणाले, दोघीही बरोबर आहात. कडेच्या अर्ध्या विटा एकीनं पूर्ण धरल्या, दुसरीनं धरल्याच नाहीत.

आज पन्नास वर्षांनी हे आठवायचं कारण माझा सहावीचा वर्ग. आमच्या शाळेत दर वर्गानं वर्षाला एक सेवेचं काम करायचं असतं. बहुतेक वर्ग जुन्या वह्या गोळा करतात नाहीतर शुभेच्छापत्रं रंगवतात, आणि पुढच्या आठवड्यात विसरून जातात. मी यंदा मोठ्या बाईंकडे (म्हणजे मुख्याध्यापिका, वयानं माझ्याहून सात वर्षं लहान, पण खुर्चीनं मोठ्या) सायकलींच्या शेडमागची पडीक जागा मागितली. तिथं टोमॅटो लावायचे आणि पीक सरकारी रुग्णालयाच्या स्वयंपाकघराला द्यायचं, ज्यांना घरून डबा येत नाही अशा रुग्णांसाठी. गणित आणि विज्ञान वाफ्यावरच शिकवायचं. क्षेत्रफळ, सरासरी, आलेख, सगळं. मोठ्या बाईंनी आठवड्याचे दोन तास दिले. अट एकच, की सहामाहीपर्यंत काहीतरी दाखवा, नाहीतर तास पुन्हा पुस्तकाला जातील.

आज वाफे आखले. एक वाफा सहा मीटर लांब, दर अर्ध्या मीटरवर एक रोप. मी विचारलं, रोपं किती लागतील, तर सगळा वर्ग एका सुरात बारा म्हणाला. एक मुलगी गप्प होती. तिला मुद्दाम विचारलं तेव्हा ती म्हणाली की बाई, तेरा लागतील, बटणांसारखं. हिचे वडील टेलर आहेत. शर्टाच्या पट्टीवर बारा अंतरं असली तर बटणं तेरा लागतात, आणि एक कमी काढलं की गिऱ्हाईक दुकानात परत येतं, असं तिनं समजावलं. दोन वाफे, तेरा दुणे सव्वीस, आणि वर्गाचा पट नेमका सव्वीस. बारा धरले असते तर दोन मुलं बिनरोपाची राहिली असती.

वर्ग तिला मोजपट्टी म्हणतो. थोडं चिडवून, थोडं कौतुकानं. संध्याकाळी ती दुकानात बसते. वडिलांना बारीक लिहिलेलं नीट दिसत नाही, म्हणून ते माप घेऊन मोठ्यानं सांगतात आणि ही मापांच्या वहीत लिहिते.

तुला एक काम सांगायचं आहे. नाही म्हणू नकोस. मुलं दर आठवड्याला रोपांची उंची मोजतील आणि मी मधून मधून आकड्यांचे तक्ते तुला पोस्टानं पाठवीन. तू तपासायचेस. वर्गाला सांगून ठेवलंय की माझी ताई चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाली आहे आणि फार कडक आहे. निदान दुसरी गोष्ट तरी त्यांनी लगेच मानली.

गुडघा कसा आहे ते खरं खरं कळव. तुझा माझ्यावरचा जीव असाच राहो, मार्कांत कपात न होता.

तुझी,
छोटी

*

ता. २३ जून

चि. छोटीस (अठ्ठावन्नावं लागलं तरी),
अ. उ. आ.

पत्र पोचलं. सूनबाई म्हणते, आई, फोनवर दोन मिनिटांत होणारं बोलणं तुम्ही दोघी आठ दिवस ताणता. मी तिला म्हटलं, म्हणूनच तर टिकतं.

तक्ते जरूर पाठव. तपासणीच्या आधीच दोन गोष्टी सांगते. पहिली, शाळेतल्या लाकडी पट्टीचा शून्य काठावर नसतो, चार-पाच मिलिमीटर आत असतो. पट्टी मातीत टेकवून उंची मोजली तर प्रत्येक रोप तेवढं बुटकं ठरेल. यावर उपाय मुलांनाच शोधू दे, तू सांगू नकोस. दुसरी, एका वाफ्याला पालापाचोळ्याचं खत द्यायचं आणि दुसऱ्याला द्यायचं नाही असं केलंस तर तुलना चांगली होईल. पण मग बाकी सगळं सारखं हवं. बी एकाच पुडीतलं, पाणी सारखं, ऊन सारखं, आणि तुझा लळासुद्धा सारखा. तुझा स्वभाव मला पाठ आहे. आपल्या दोन बाहुल्यांपैकी जी आजारी असायची तीच दिवसभर जेवायची.

मोजपट्टीचं बटणांचं उदाहरण मी आयुष्यात वर्गात वापरलं नाही याचं वाईट वाटलं. मी आपली कुंपणाचे खांब सांगत राहिले, आणि मुलांनी कुंपण कुठं घातलेलं असतं?

गुडघा कुरकुरतो. डॉक्टर म्हणतात, बदलून घ्या. ऑक्टोबरात बघू म्हणालेय.

माया आहेच. ती मोजायला बसू नकोस.

ताई

*

ता. ४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत पाच आठवड्यांचे तक्ते आहेत. एक ते तेरा नंबरची रोपं साध्या मातीतली, चौदा ते सव्वीस खताच्या वाफ्यातली. पट्टीच्या शून्याची भानगड मुलांनीच पकडली. एकानं पट्टीचा काठ तासायला घेतला, तेवढ्यात मोजपट्टी वडिलांची जुनी टेप घेऊन आली. टेपचा शून्य अगदी टोकाला असतो. त्या दिवसापासून सगळा वर्ग तिच्या टेपसाठी रांग लावायचा.

खताच्या वाफ्याचा आलेख पाहा, कसा वर चढलाय. शिक्षण कार्यालयातले साहेब मागच्या आठवड्यात आले होते. त्यांनी तक्ता भिंतीवरून काढून नेला आणि हीच पद्धत, खतासकट, आणखी बारा शाळांना लिहून पाठवणार आहेत. मोठ्या बाईंनी त्या दिवशी मला स्वतःच्या कपातून चहा दिला. हे तुला वाटतं त्याहून मोठं आहे.

एक गंमत सांगते. चौदा नंबरचं रोप मोजपट्टीचं. तिच्या वहीत पहिल्या आठवड्यापासून दोन, साडेतीन, पाच, पाच पूर्णांक आठ असे आकडे होते, आणि मधल्या चार दिवसांच्या सुट्टीनंतर एकदम चौदा पूर्णांक आठ. ती माझ्याकडे वही घेऊन आली आणि म्हणाली की बाई, हे माझं रोप नाही. मी म्हटलं, अगं, मागच्या आठवड्यात तू टेपची इंचाची बाजू वाचली असशील. ती म्हणाली की मग उडी एक आठवडा मागं जाईल. म्हटलं, मग तू सुरुवातीपासूनच इंच वाचत होतीस. आधीच्या सगळ्या आकड्यांना अडीचनं गुण आणि लाल शाईनं वर लिही. तिनं लिहिलं. टेपला दोन बाजू असतात म्हणून घोटाळा झाला, असं वर्गाला सांगून मी टेप बंद केली आणि लाकडी पट्टी शून्याच्या खुणेपर्यंत मातीत खुपसायला सांगितली. टेलरची मुलगी आणि टेप उलटी, म्हणून मुलं दोन दिवस हसत होती.

ह्यांना टोमॅटोच्या नावानंही आता कंटाळा आलाय. अजून एक टोमॅटो लागलेला नाही तरी.

तुझ्या लोभावर माझा हक्क आहे, तो चालू ठेव.

तुझी,
छोटी

*

ता. ११ ऑगस्ट

चि. छोटीस,
अ. उ. आ.

तक्ते तपासले. दोन ठिकाणी सरासरी काढताना भागाकार चुकलाय, खूण केली आहे. सात नंबरच्या मुलाचा चार आणि नऊ सारखाच दिसतो, त्याला सांग.

आता चौदा नंबर. तू ती गंमत म्हणून लिहिलीस म्हणून मीही आधी हसले. मग पेन्सिल घेतली. त्या मुलीनं लाल आकडे लिहिलेत, पण खालचे जुने आकडे एकच रेघ मारून ठेवलेत. स्वच्छ वाचता येतात. मला वाटतं तिनं मुद्दाम तसे ठेवले.

तुझ्या म्हणण्याप्रमाणे पहिल्या आठवड्यातले दोन म्हणजे पाच सेंटिमीटर. त्याच दिवशी पेरलेली तेरा आणि पंधरा नंबरची रोपं त्या दिवशी दोन-दोन सेंटिमीटर आहेत. एकटं चौदा नंबर मातीतून अडीचपट उंच होऊन वर आलं का? पुढे बघ. चौथ्या आठवड्यात तुझ्या गुणाकारानं साडेचौदा, आणि पाचव्यात चौदा पूर्णांक आठ. म्हणजे सुट्टीच्या आठवड्यात ते तीन मिलिमीटर वाढलं, आणि शेजारची तीन सेंटिमीटर वाढली. इंचाची गोष्ट खरी धरली तर एक उडी मिटते आणि दोन नव्या चुका उभ्या राहतात. साधे आकडे खरे धरले तर फक्त एकच प्रश्न उरतो. सुट्टीत तिथं काय झालं?

आणखी एक. चौथ्या आठवड्यात खताच्या वाफ्यातली सात रोपं जवळजवळ वाढलेलीच नाहीत. सुट्टीनंतर ती सातही एकदम टवटवीत. एकसुद्धा मेलं नाही. मी चाळीस वर्षं परीक्षेचे पेपर तपासलेत. सात मुलांचं एकच गणित एकाच रात्रीत सुटलं की वर्गात कुणीतरी शिरलेलं असतं.

त्या मुलीनं टेप उलटी धरली नव्हती. एकतर तिथं दुसरं रोप आहे, नाहीतर तू मला काहीतरी सांगत नाहीस. मला वाटतं दोन्ही.

रागावलेली नाही. पण उत्तर लवकर दे, आणि त्यात गंमत नको.

ताई

*

ता. १९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. दोन्ही खरं आहे.

चौथ्या आठवड्यात मी हौसेनं खताच्या वाफ्यात आणखी सहा घमेली खत टाकलं, रोपांच्या अगदी बुडाशी. शाळेचे माळीकाका म्हणाले होते की अजून कुजायचंय, आत हात घातला तर गरम लागतं. मी म्हटलं, मुलांना दाखवायचंय, थोडंसं घालते. सुट्टीच्या पहिल्या दिवशी जाऊन पाहिलं तर सात रोपं करपून आडवी पडली होती. सात मुलं मंगळवारी येऊन आपलं मेलेलं रोप बघणार, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे आलं. रिक्षा करून रोपवाटिकेत गेले. सहा रोपं साधारण त्याच उंचीची मिळाली. सातवं तसं नव्हतं, एक मोठंच होतं. तेच घेतलं. वाटलं, अकरा वर्षांच्या मुलीला काय कळणार. माळीकाकांना म्हटलं, कुणाला बोलू नका. ते बोलले नाहीत, पण तेव्हापासून माझ्याशीही फारसे बोलत नाहीत.

इथपर्यंतचं मी स्वतःला समजावू शकले असते. पुढचं ऐक. परवा पडदे शिवायला टाकायला तिच्या वडिलांच्या दुकानात गेले. छोटं दुकान आहे, दोन मशीन, भिंतीला अर्धवट शिवलेले कोट, इस्त्रीच्या टेबलावर जाड चादर. मोजपट्टी कोपऱ्यात स्टुलावर बसून काजं उसवत होती. मापांची वही वडिलांपुढे होती. ते टेप डोळ्यांजवळ नेऊन वाचत, मग चष्मा कपाळावर सरकवून लिहीत, मग पुन्हा खाली घेत. माझ्या खिडकीची रुंदी त्यांनी दोन वेळा वेगवेगळी लिहिली. मी सहज विचारलं, आज मुलगी लिहीत नाही का. ते अदबीनं म्हणाले की बाई, तुम्हीच तिची चूक पकडलीत ते बरं झालं; इंच आणि सेंटिमीटरमध्ये गोंधळते, आणि माझं सगळं काम मापावर चालतं, गिऱ्हाइकाचं कापड एकदा कापलं की परत जोडता येत नाही; म्हणून वही काढून घेतली.

ताई, तो माणूस डोळ्यांनी अधू आहे आणि ती मुलगी त्याचे डोळे होती. मी ते काढून घेतले, एका रोपासाठी. ती मान खाली घालून काजं उसवत राहिली. माझ्याकडे एकदाच पाहिलं. तिला माहीत आहे की मला माहीत आहे. तिनं वडिलांना काही सांगितलेलं नाही. बाई खोटं बोलतात असं म्हणायचं तिला सुचलंही नसेल, किंवा सुचलं असेल आणि ती धजली नसेल.

मोठ्या बाईंना सांगितलं तर तक्ता परत मागवावा लागेल, साहेबांपुढे त्यांची मान खाली जाईल, तास जातील. माझं शेवटचं वर्ष आहे. पण न सांगता बारा शाळा तेच गरम खत रोपांच्या बुडाशी घालतील, हेही आता डोक्यातून जात नाही.

काय करू ते मला कळतंय. कशी करू ते कळत नाही.

तुझी,
छोटी

*

ता. २४ ऑगस्ट

चि. छोटीस,
अ. उ. आ.

आधी दुकान. मग वर्ग. मग मोठ्या बाई. याच क्रमानं. तू नेमकी उलट्या क्रमानं जाशील, कारण मोठ्या बाईंची भीती सर्वांत जास्त आहे आणि ती आधी संपवावी असं वाटेल. पण त्यांनी रागावून तुला गप्प राहायला सांगितलं तर? मग दुकानात जायचं धैर्य उरणार नाही.

वडिलांना मुलीसमोर सांग. बाजूला बोलावून नको. तिचा अपमान चारचौघांत झाला, तर दुरुस्तीही चारचौघांत. रोप मेल्याचं वाईट वाटू नये म्हणून केलं, असं सांगू नकोस. ते खरं असलं तरी सांगू नकोस. नाहीतर तेच तुझी बाजू घ्यायला लागतील आणि मुलगी पुन्हा कोपऱ्यात राहील.

मी तुझ्या पाठीशी आहे. त्यासाठी गुडघा लागत नाही.

ताई

*

ता. ५ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलेल्या क्रमानंच गेले.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. तरी उभ्या उभ्या सांगितलं की तुमच्या मुलीचे सगळे आकडे बरोबर होते, रोप मी बदललं होतं, आणि ते लपवायला मी तिच्यावर टेप उलटी धरल्याचा आळ घेतला. त्यांनी हातातली कात्री टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ द्या बाई. ते तसं म्हणाले नाहीत. माझे पडदे दाखवून म्हणाले की यांचं माप चुकलंय, पुन्हा घ्यावं लागेल. मग वही मुलीकडे सरकवली, टेप हातात घेतली आणि मापं मोठ्यानं सांगायला लागले. ती स्टूल ओढून टेबलापाशी आली आणि लिहायला लागली. माझ्याकडे दोघांनीही पाहिलं नाही. मी निघाले.

वर्गात सांगितलं तेव्हा सगळे एकदम बोलायला लागले. ज्यांची रोपं बदलली होती त्यातला एक रडला. त्याला रोपाला नाव द्यायची सवय आहे, आणि तो महिनाभर भलत्यालाच त्या नावानं हाक मारत होता. एकानं विचारलं की मग बाईंना शिक्षा काय. मी म्हटलं, तुम्हीच सांगा. पंधरा मिनिटं भांडून त्यांनी ठरवलं की बाईंनी सातही आलेख पुन्हा हातानं काढायचे, शाईनं, खाडाखोड न करता. तीन संध्याकाळी गेल्या. ह्यांनी शेजारी बसून पेन्सिलीला टोक करून दिलं, शाईनं काढायचे असतानाही.

मोजपट्टीनं एकच प्रश्न विचारला, की माझं मूळ रोप कुठं आहे. खताच्या खड्ड्यात टाकलं म्हटल्यावर तिनं तारीख विचारली, आणि वहीत लिहिलं की चौदा नंबर, मृत, कारण कच्चं खत. त्याखाली नवी रेघ मारून चौदा अ सुरू केलं. मग बाकी सहा मुलांनी तसंच केलं. सात रोपं बाजूला काढून आम्ही पुन्हा सरासरी काढली. कालच्या मोजणीत साध्या वाफ्यातली तेरा रोपं सरासरी अडतीस सेंटिमीटर, आणि खताच्या वाफ्यात वाचलेली सहा एकतीस. म्हणजे आमचा आलेख उलटा होता. इतक्या एकाग्रतेनं सरासरी काढताना हा वर्ग मी पाहिला नव्हता. माळीकाका कुंपणाला टेकून ऐकत होते. तास संपल्यावर त्यांनी खड्ड्यातलं खत काठीनं उकरून मुलांना दाखवलं, वाफ कशी निघते ते. त्यांचा हात पोळला नाही, पण मुलांनी थर्मामीटर आणलं. बावन्न अंश.

मोठ्या बाई फार रागावल्या. आवाज चढवला नाही, तोच त्यांचा राग. साहेबांना पत्र त्यांनीच लिहिलं, माझी सही घेतली. सहामाहीनंतर बागेचे दोन तास पुस्तकाकडे परत जातील, आणि पुढच्या वर्षी सेवेचं काम दुसऱ्या बाईंकडे. पीक निघेपर्यंत रुग्णालयाचं काम मात्र चालू ठेवा, शब्द दिलाय, असं म्हणाल्या. मी काही मागितलं नाही. निघताना त्यांनी विचारलं की ती मुलगी आता दुकानात लिहिते का. लिहिते म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि फायलीत तोंड घातलं.

तास गेल्याचं वाईट वाटतं, ताई. ते तुझ्याशी खोटं बोलणार नाही. त्या वाफ्यावर शिकवलेले तीन महिने माझ्या तीस वर्षांत सर्वांत चांगले होते.

तुझ्या ऑपरेशनला मी येणार आहे. रजेचा अर्ज दिला. सूनबाईला सांग, माझी गादी खाली घाल. लोभ कमी झाला असल्यास तिथं येऊन वसूल करीन.

तुझी,
छोटी

*

ता. ८ ऑक्टोबर

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

मी माझ्या ताईकडे आहे. तिचं ऑपरेशन नीट झालं. ती पलंगावर पडून मला हुकूम सोडते आणि मी चुकले की हसते. तिनं तुला विचारलंय की चौदा अ ला किती टोमॅटो लागले. तिला आकडा हवा आहे, खूप लागले असं चालणार नाही.

माळीकाकांचं पत्र आलं, की पहिला तोडा या शुक्रवारी करावा लागेल, थांबलो तर फळं फुटतील. मी येईपर्यंत थांबता येणार नाही. त्या तासाला दुसऱ्या बाई असतील, पण काटा तू धरायचा आहेस. तसं मी मोठ्या बाईंना लिहिलंय आणि त्यांची हरकत नाही. प्रयोगशाळेतला काटा घे, भाजीवाल्याचा नको. प्रत्येक रोपाची फळं वेगळी मोज, आधी रिकामी टोपली मोज. तू लिहिशील तेच शाळेचं वजन. कुणी पाव किलो इकडेतिकडे म्हणालं तर वही दाखव.

आता वाटणी. एक ते तेरा आणि वाचलेली सहा, यांची सगळी पिकलेली फळं रुग्णालयाच्या स्वयंपाकघराला. बदललेल्या सातांचीही तिथंच. ती रोपवाटिकेतली असली म्हणून आजारी माणसाला वेगळी लागणार नाहीत. पण त्यांचं वजन वेगळ्या तक्त्यात, सरासरीत धरू नका. स्वयंपाकघरातल्या बाईंनी मऊ फळं आधी मागितली आहेत, ती वरच्या टोपलीत ठेवा. फुटलेली असतील ती माळीकाकांना, सुट्टीत पाणी त्यांनी घातलं. किडकी खड्ड्यात, खत पुरतं थंड झालं असेल तरच.

पाच नंबरचं रोप सर्वांत निरोगी आहे. त्याची दोन मोठी फळं झाडावरच पिकू द्या. त्यांचं बी वाळवून पुढच्या वर्षीच्या सहावीला, पुडीवर तारीख घालून. तक्त्याच्या चार प्रती करा. एक मोठ्या बाईंना, एक शिक्षण कार्यालयाला, एक माझ्या ताईला. चौथी वर्गाच्या भिंतीवर, आधीचा तक्ता जिथून काढला त्याच जागी. मला प्रत नको, मी येऊन भिंतीवरची वाचीन.

वर्गातल्या सगळ्यांना माझी आठवण सांग. माझ्यावर जमेल तेवढी माया ठेवा, सगळी लगेच नको.

तुझ्या बाई

ता. क. रुग्णालयात माल दिल्यावर ते पावती देतील. तिच्यावर वजन करणाऱ्याच्या सहीचा रकाना असतो. तिथं दुसऱ्या बाईंची किंवा मोठ्या बाईंची सही नको. तू तुझं पूर्ण नाव लिही, टोपणनाव नाही. नक्कल शाळेच्या फायलीला पुरेल. मूळ पावती तुझ्या वडिलांना दे.